वर्ना पिकेटची गैरहजेरी

टॅमरॅक गावच्या आगीच्या बंबाचा कारभार पाहणारं नागरिक मंडळ पाच जणांचं. पगार नाही, भत्ता नाही. मान म्हणाल तर फायर स्टेशनातली एक घडीची खुर्ची आणि पुढ्यात स्वतःच्या नावाची पाटी. सत्ताही फारशी नाही. बंबाचा प्रमुख, म्हणजे चीफ, बजेट आणतो, मंडळ त्यावर मान डोलवतं किंवा नाक मुरडतं. कर किती असावा, नवा टँकर घ्यावा की जुनाच रेटावा, हद्द वाढवावी की आहे तीच पुरे, यावर मंडळ आपली शिफारस बरोच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, असेंब्लीकडे पाठवतं आणि असेंब्ली शेवटी तिला हवं तेच करते. पण मंडळाची शिफारसच गेली नाही, तर असेंब्ली त्या विषयाला हात लावत नाही. म्हणजे काम करून घेण्याचा अधिकार अर्धामुर्धा, पण काम अडवण्याचा मात्र पुरता. जगातल्या बहुतेक मंडळांचं असंच असावं.

सभेला निदान तिघं तरी हवेत, हा यातला सगळ्यात मोठा नियम. तिघं असले की सभा, दोघं असले की नुसत्या गप्पा. आणि हा नियम उलटाही लागू होतो. मंडळातले तिघं कुठेही एकत्र आले आणि बंबाबद्दल बोलले, तर कायद्याने ती सभाच. आणि सभा म्हटली की पोस्टाच्या फळ्यावर आधी सूचना हवी, लोकांना दार उघडं हवं. त्यामुळे गावच्या दुकानातल्या कॉफीच्या काउंटरवर दोघं सभासद बसलेले असताना तिसरा आत आला, की तिघांपैकी एकाला आपला कप उचलून मासेमारीच्या गळांपाशी जाऊन उभं राहावं लागतं. नवीन माणसाला वाटतं, यांचं भांडण झालंय.

वर्ना पिकेट या मंडळावर आली ती नवरा गेल्यावर. क्लिफ पिकेट हयातभर बंबावर स्वयंसेवक होता. तो गेला तेव्हा चीफ रॉडनी त्याचं हेल्मेट घेऊन तिच्याकडे आला आणि जाताना म्हणाला, "मंडळात एक खुर्ची रिकामी आहे, वर्ना. क्लिफला आवडलं असतं." तिने शाळेची बस पंचवीसेक वर्षं चालवलेली, बर्फात, अंधारात, रस्त्यात घोड्याएवढा मूस सांबर आडवा उभा असताना. वेळेवर पोहोचणं हा तिचा धर्म होता आणि जे वेळेवर पोहोचत नाहीत त्यांची हजेरी घेणं हा छंद. मंडळावर आल्यापासून तिने एकही सभा चुकवली नव्हती, आणि हे ज्याला माहीत नसेल त्याला ती सांगत असे.

बड ऑस्ट्रँडर नावाचा एक गरीब स्वभावाचा सुतार मंडळात होता. बायकोच्या आजारपणापायी तो लागोपाठ काही सभांना आला नाही. एका सभेत वर्ना त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "बड, खुर्ची अडवायला नसते, बसायला असते. जमत नसेल तर सोड." बडने दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवून दिला. त्याची जागा भरायला कुणी पुढे आलं नाही, कारण वर्नाच्या तोंडी लागायची हौस कुणालाच नव्हती. उरले चौघं. अध्यक्ष वेंडेल स्ट्राउड, बोलायला मऊ आणि कानाने थोडा कमी. ऐंशीला टेकलेली फर्न गिलक्राइस्ट, जी सभाभर मोजे विणायची आणि टाके न सोडता टोमणे मारायची. पार उत्तरेला स्लोप म्हणतात त्या तेलविहिरींच्या भागात कामाला असलेला डेल, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. आणि वर्ना.

त्या उन्हाळ्यात मंडळापुढे केटल लेक रोडचा विषय होता. ओढ्याच्या अलीकडे बंबाची हद्द संपते. पलीकडे खडीचा रस्ता तळ्यापर्यंत जातो, त्यावर काही घरं आहेत. पूर्वी तिथे उन्हाळ्यापुरत्या राहायच्या झोपड्या होत्या, मग लोक बारमाही राहायला लागले. हद्दीबाहेर असल्यामुळे त्यांना कर नाही, आणि कर नाही म्हणून बंब नाही. पलीकडे कुणी माणूस आत अडकला असेल तर आमची पोरं जातात, त्याला रेषा आड येत नाही. पण नुसतं घर जळत असेल तर जाता येत नाही. तसं केलं तर ज्यांनी कर भरला त्यांच्या दारात ऐनवेळी बंब नसेल, असं वकिलांनी लिहून दिलेलं आहे. विमा कंपन्या तर ओढ्याच्या त्या बाजूला ढुंकूनही पाहत नाहीत.

हे बदलायचं मनावर घेतलं ओरिन टटलने. ओरिन आणि त्याची बायको मेव्हिस त्या रस्त्याच्या पार टोकाला राहायची. घर दोघांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, एकेक खोली करत, पैसे साठतील तसं. ओरिन डासांच्या झुंडीतून दारोदार फिरला, कुत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन आला. आम्हाला कर लावा आणि आम्हाला हद्दीत घ्या, असं म्हणणारा माणूस आमच्याकडे मुळात दुर्मिळ, आणि त्याने तर अख्ख्या रस्त्याकडून ते वदवून घेतलं होतं. जुलैच्या सभेत मंडळाने शिफारस करायची, ती त्याच आठवड्यात असेंब्लीकडे जायची, ऑक्टोबरात मतदान, आणि नव्या वर्षापासून बंब ओढा ओलांडणार. जुलैची सभा हुकली तर वर्ष गेलं, कारण असेंब्लीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती आणि खास सभा बोलवायची तर आठवडाभर आधी सूचना लावावी लागते. हे सगळं वर्नाला तोंडपाठ होतं. जूनच्या सभेत तिनेच ते ओरिनला समजावून सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "काळजी करू नकोस. मी आहे."

सभेच्या आदल्या दिवशी रेडिओवर बातमी आली की केनाई नदीच्या मुखाशी लाल सॅमन मासा चढलाय, आणि असा तसा नाही, नदी भरून.

हे बाहेरच्या माणसाला कसं सांगावं कळत नाही. बाकीचं जग रविवारी देवळात जातं तसं आमच्याकडे जुलैत लांब दांड्याची जाळी घेऊन मुखाशी जातात. हिवाळ्याचं खाणं त्यातून निघतं हे खरं, पण तेवढंच कारण असतं तर दुकानात मासा मिळतो. क्लिफ असताना वर्ना दर वर्षी जायची. तो गेल्यावर तिने जाळी गॅरेजच्या छताला टांगली ती तशीच होती. त्या संध्याकाळी तिने ती खाली काढली, कुठे फाटली आहे का ते पाहिलं, आणि आपण नुसतं पाहतोय असं स्वतःला सांगत बर्फाची पेटीही गाडीत ठेवली.

पहाटेच ती निघाली. गाडीने पाच तासांचा रस्ता. सभा संध्याकाळी. जाऊन दोन हात मारायचे आणि परत फिरायचं, असा तिचा बेत होता, आणि मुखाशी जाऊन दोन हात मारून कुणी परत फिरल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. वाळूवर माणसांची ही गर्दी, आणि पाण्यात छातीपर्यंत रबरी विजारी घालून उभी राहिलेली रांग. वर्ना त्या रांगेत शिरली आणि काही मिनिटांत जाळीला पहिला हिसका बसला. मासा ओढून काठावर आणताना ती मोठ्याने हसली. शेजारचा अनोळखी म्हातारा म्हणाला, "बरेच दिवसांनी वाटतं, बाई?" ती म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक किती दिवसांनी."

दुपार कलायला लागली तेव्हा निघायला हवं होतं. भरती येत होती आणि मासा भरतीबरोबर येतो. वर्ना ओल्या कपड्यांनी पेट्रोल पंपापर्यंत आली आणि तिथून तिने वेंडेलला फोन लावला.

"वेंडेल, माझं पोट बिघडलंय. रात्रीपासून. मला नाही वाटत मला येता येईल."

"अरे देवा. तू? तू तर कधी..." वेंडेल चाचरला. "काही खाल्लंस का वावगं?"

"काय की. उभं राहवत नाही."

"बरं, बरं, पडून राहा. डेल आज स्लोपवरून उतरतोय, तो थेट सभेलाच येतो म्हणालाय. म्हणजे मी, फर्न आणि तो. होईल आमचं. फक्त तिकडे धुकं आहे म्हणतात. विमान सुटलं नाही तर पंचाईत होईल बघ."

फोनच्या टपरीच्या काचेतून वर्नाला वाळू दिसत होती आणि वाळूवर ओढत आणलेले मासे दिसत होते. त्या घडीला निघाली असती तर जेमतेम पोहोचली असती. "उतरेल रे विमान," ती म्हणाली. "उन्हाळ्यातलं धुकं ते. किती टिकणार."

तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिने विचारलं नसताना तिला सांगितलं गेलं होतं.

विमान उतरलं नाही. स्टेशनात त्या संध्याकाळी केटल लेक रोड झाडून सगळा आला होता, लेकरांसकट. ओरिनने शर्टाची वरची गुंडी लावली होती. मेव्हिसने परसातल्या रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड पाई भाजून आणल्या होत्या, मंडळाचं तोंड गोड व्हावं म्हणून. वेंडेल घड्याळ पाहत राहिला, दाराकडे पाहत राहिला, आणि शेवटी उठून म्हणाला की आम्ही दोघंच आहोत, सभा होऊ शकत नाही, तुमचं म्हणणंसुद्धा मला ऐकून घेता येत नाही. कुणीतरी चिडून विचारलं, "ऐकायलाही तिघं लागतात का?" फर्नने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, "ऐकायला लागतात. पाई खायला दोघं पुरतात. पण माझ्या घशाखाली उतरणार नाही." लोक पाई तशाच झाकून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वर्ना स्वयंपाकघरात मासे बरण्यांत भरत होती. प्रेशर कुकर फुसफुसत होता, हातांना खवले चिकटले होते. सभेचं काय झालं ते तिला अजून कळलेलं नव्हतं, कारण तिने कुणाला विचारलंच नव्हतं. दार वाजलं. बाहेर मेव्हिस टटल उभी, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं.

"कोंबडीचं सूप आहे. मीठ कमी घातलंय. पोटाला सोसेल," मेव्हिस म्हणाली. "वेंडेलने सांगितलं तू किती आजारी आहेस ते."

वर्नाने दार अंगाजवळ ओढून धरलं आणि फटीतून पातेलं घेतलं. "कशाला एवढ्या लांब आलीस गं. काल... झालं का काम?"

"नाही झालं. डेलचं विमान अडकलं. आता पुढच्या वर्षी." मेव्हिस हसली, पण डोळे हसले नाहीत. "ओरिन रात्रभर गप्प होता. होईल ठीक. तुझा काय दोष, आजारपण काय सांगून येतं? आत काय शिजतंय?"

"पेज," वर्ना म्हणाली.

मेव्हिस गेल्यावर ती ओट्यापाशी येऊन बसली. संध्याकाळी तिने ते सूप प्यायलं, कारण फेकायला हात धजेना. त्या बरण्या तिने तळघरात नेऊन ठेवल्या. नंतर हिवाळाभर एकही उघडली नाही. सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं आणि रोज काहीतरी निमित्त सापडायचं. ऑगस्टच्या सभेत ती आली तेव्हा केटल लेक रोडच्या बाया तिच्या तब्येतीची चौकशी करायला पुढे आल्या. ती "आता बरंय" म्हणाली आणि कानकोंडी होऊन पाटीकडे पाहत बसली. दोन वेळा खोटं बोललं की तिसऱ्यांदा बोलावं लागत नाही, लोकच आपल्या वतीने बोलतात.

एकदा तिने धीर केला. दुकानात वेंडेल एकटाच कॉफी पीत होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "वेंडेल, जुलैच्या सभेबद्दल तुला एक सांगायचंय."

"मोठ्याने बोल जरा."

"जुलैच्या सभेबद्दल," ती मोठ्याने म्हणाली, आणि तेवढ्यात दाराची घंटी वाजून फर्न आत आली. वेंडेल लगबगीने उठला. "झाले तिघं," म्हणत त्याने कप उचलला आणि गळांपाशी जाऊन उभा राहिला. फर्न वर्नाकडे बघून म्हणाली, "सभेबद्दल बोलत होतात वाटतं. तुझ्यासारखी नियमाची पक्की बाई, वर्ना, आणि काउंटरवर?" वर्ना जे गप्प बसली ती महिनेच्या महिने. नियम तिच्या सोयीचा झाला होता.

फेब्रुवारीत एका दुपारी टटलांच्या धुराड्याला आग लागली. कडाक्याची थंडी होती, चूल रात्रंदिवस पेटलेली. भोंगा झाला तशी वर्ना कॉफीची मोठी किटली घेऊन निघाली. आग म्हटली की पोरांना कॉफी द्यायचं काम क्लिफच्या वेळेपासून तिचंच. कुठे जायचंय ते तिला वायरलेसवर कळलं आणि गाडी तिच्याच्याने नीट चालवेना.

बंब ओढ्याच्या अलीकडे उभा होता. रॉडनी रेडिओवर विचारत होता, "सगळे बाहेर आहेत का? नक्की सगळे?" पलीकडून शेजाऱ्याचा आवाज आला की दोघंही बाहेर आहेत, कुत्राही. रॉडनीने रेडिओ खाली ठेवला आणि कुणाकडे पाहिलं नाही. झाडांच्या वर काळा धूर सरळ उभा होता, वारा नव्हता. बंबात पाणी होतं, पोरं पोशाख चढवून तयार होती, आणि सगळी नुसती उभी होती. त्यातला एक, नवीनच भरती झालेला दणकट गडी, बंबाच्या चाकाला टेकून रडत होता. वर्नाने त्याला कॉफी दिली. त्याने ती घेतली नाही. मग तिने दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला दिली. या कॉफीपेक्षा थोबाडीत मारून घेतलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. ती पोरं जळत्या घराचा धूर पाहत उभी होती ती केवळ तिच्यामुळे, आणि ती त्यांना साखर किती म्हणून विचारत होती.

थोड्या वेळाने ओरिन ओढ्यावरून चालत आला, अंगात कुणाचा तरी कोट, बाह्या आखूड. तो रॉडनीला म्हणाला, "तुला येता येत नाही ते मला ठाऊक आहे. लाजू नकोस. मी तुम्हाला एवढंच सांगायला आलो की आत कुणी नाही, उगाच कुणी जीव धोक्यात घालू नका." मग त्याला वर्ना दिसली. "वर्ना, एक कप देशील? मेव्हिससाठी. ती त्या बाजूला बसलीय." वर्नाने कप भरला. तो त्याच्या हातात दिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो. तिच्या पायाखाली गोठलेला ओढा होता आणि तो जागचा हलला नाही.

चर्चच्या मागे एक जुनं फिरतं घर होतं, ते टटलांना राहायला दिलं. लोकांनी अंथरुणं दिली, भांडी दिली, मूसचं मटण दिलं. काही दिवसांनी वर्ना तिथे गेली, ओरिन नाही असं पाहून. मेव्हिस दुसऱ्यांनी दिलेले कपडे चाळत बसली होती. वर्नाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. मासा, फोन, धुकं, सगळं. वेंडेलने विमानाबद्दल सांगितलं होतं तेही.

मेव्हिसच्या हातात एक स्वेटर होता. तिने त्याची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"मग ते सूप कुणी प्यायलं?" तिने विचारलं.

"मीच."

"चांगलं झालं होतं?"

वर्नाने होकाराची मान हलवली.

"मी तुझ्यासाठी कोंबडी कापली होती गं," मेव्हिस म्हणाली. मग तिने स्वेटर बाजूला ठेवला आणि तिचा आवाज निराळा लागला. "मला का सांगायला आलीस? मी बरं म्हटलं की तू घरी जाऊन झोपणार, होय ना? सह्या सगळ्या रस्त्याने केल्या होत्या. त्यांना सांग. ओरिनला मी सांगणार नाही. तुझं तोंड आहे ना, त्याने सांग." वर्ना निघाली तेव्हा मेव्हिस तिला सोडायला दारापर्यंत आली नाही.

मार्चच्या सभेत केटल लेक रोडचा विषय पुन्हा ठेवला होता. ओरिनने थांबू दिलं नव्हतं. तो आणि मेव्हिस ओरेगॉनला मुलीकडे कायमचे निघाले होते, पण जाण्याआधी हे काम मार्गी लागलेलं त्याला पाहायचं होतं. "माझं घर गेलं," तो म्हणायचा, "बाकीच्यांची आहेत अजून." डेल स्लोपवर होता. हजर होते वेंडेल, फर्न आणि वर्ना. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे.

नागरिकांनी बोलायची वेळ आली तशी वर्ना उठली. सभासद म्हणून नाही, नागरिक म्हणून बोलायचं, टेबलावरून उठून समोरच्या खुर्चीत बसून बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. त्या पाटीमागून बोलायची तिला लाज वाटत होती. ती दोन पावलं गेली आणि फर्न म्हणाली, "कुठे निघालीस?"

"मला नागरिक म्हणून काही सांगायचंय."

"टेबल सोडलंस की आम्ही दोघं. सभा मोडली. जे काही सांगायचं ते इथे बसून सांग."

वर्ना परत आली, आपल्या नावाच्या पाटीमागे बसली आणि बोलली. आवाज बसचे थांबे सांगताना लागायचा तसा सपाट लागला. "जुलैत मी आजारी नव्हते. मी मुखाशी मासे पकडत होते. डेलचं विमान अडकू शकतं असं वेंडेलने मला सांगितलं होतं, आणि तेव्हा निघाले असते तर मी पोहोचले असते. मी निघाले नाही. मासा येत होता म्हणून. आजारी आहे म्हणून मी वेंडेलला खोटं सांगितलं आणि नंतर तुम्हा सगळ्यांना. ओरिन, तुमचं घर माझ्यामुळे गेलं. आणि बड ऑस्ट्रँडरला मी याच खोलीत चार लोकांत बोलले होते, त्याची बायको आजारी असताना."

वेंडेलला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं, पण त्याचा चेहरा उतरला होता, म्हणजे आलं होतं. मागून एक बाई म्हणाली, "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना केली होती, वर्ना. चर्चमध्ये. नाव घेऊन." त्यावर कुणी हसलं नाही. ओरिन मेव्हिसकडे वळला. मेव्हिस समोर पाहत होती, आणि तिला आधीच माहीत होतं हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मी राजीनामा देते," वर्ना म्हणाली. "आत्ता, इथेच. या खुर्चीत बसायची माझी लायकी नाही." तिने पाटी उचलून पालथी घातली आणि कोटाकडे हात नेला. त्या क्षणी तिला फक्त दाराबाहेरची थंडी हवी होती.

"बस खाली," ओरिन म्हणाला.

तो ओरडला नाही. तो उभाही राहिला नाही. "तू गेलीस तर हे दोघं उरतात. दोघं उरले की आम्ही सगळे पुन्हा घरी. तुला बाहेर पडून बरं वाटेल, आणि या लोकांची आणखी एक तारीख हुकेल. ते मी होऊ देणार नाही. बस."

वर्नाने फर्नकडे पाहिलं. फर्न सुया बाजूला ठेवून बसली होती. "माझ्याकडे बघू नकोस," फर्न म्हणाली. "गणित त्याचं बरोबर आहे. लायकीचं आपण नंतर बघू, आधी हजेरी लाव."

वर्ना बसली. ज्या नजरा चुकवण्यासाठी तिने महिने काढले होते, त्या सगळ्या समोर होत्या, ओळीने, आणि मध्ये फक्त एक घडीचं टेबल. पाटी पालथीच होती. वेंडेलने हात लांब करून ती सुलटी केली आणि तिच्यापुढे नीट ठेवली, कारण नियमाने पाटी दिसायला हवी. तिला ते चापट मारल्यासारखं लागलं, आणि वेंडेलने तर ते अगदी हळुवारपणे केलं होतं.

विषय वाचला गेला. लोक एकेक करून बोलले, कुणाचं तान्हं मूल, कुणाची आंधळी आई, कुणाची लाकडाची वखार. टटलांचं नाव कुणी काढलं नाही. प्रत्येकाचं तिने ऐकून घेतलं, कारण ऐकायलाही तिघं लागतात. मग वेंडेलने नावं पुकारली.

"फर्न गिलक्राइस्ट?"

"होय."

"वर्ना पिकेट?"

ती काहीतरी म्हणाली.

"टेपरेकॉर्डरला ऐकू गेलं नाही," फर्न म्हणाली. "पुन्हा म्हण."

वर्नाने मान वर केली आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं होय म्हटलं. वेंडेलने स्वतःचं होय त्याला जोडलं, आणि केटल लेक रोडची शिफारस झाली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांनी खुर्च्या मिटायला घेतल्या.

वर्ना जागची उठली नाही, उठायचं की नाही ते तिला कळत नव्हतं. ओरिन टेबलापाशी आला. जवळून तो खूप म्हातारा दिसत होता.

"घराबद्दल मी तुला काही बोलणार नाही," तो म्हणाला. "बोलायला लागलो तर थांबता येणार नाही मला. पण हे काम अजून संपलेलं नाही. असेंब्ली कागद परत पाठवते, प्रश्न विचारते, पुन्हा सभा घ्यावी लागते. एप्रिलला डेल इथे असेल की नाही कुणाला ठाऊक. मी तर नसणारच." त्याने आखूड बाह्यांच्या कोटाची बटणं लावली. "तू अस."

मग तो मेव्हिसला घेऊन बाहेर पडला. त्याने हात पुढे केला नाही, आणि वर्नानेही केला नाही.